रिजेक्शनचा फोटो मीच काढला होता: आपल्या पातळीवरून कंपनीचं वातावरण बदलता येतं का?

गेजबाई (शनिवार, रात्री ९:१५)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक आहे. आज लिहायला बसले, कारण तीन रात्री धड झोप लागलेली नाही.

मी भोसरी एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. आठ वर्षं झाली. आम्ही गाड्यांचे बुश आणि छोटे शाफ्ट करतो. माणसं १४० च्या आसपास, त्यातली निम्म्याहून जास्त ठेकेदाराची. बायका बावीस. माझं काम म्हणजे दिवसभर बोअरमध्ये, म्हणजे पीसच्या आतल्या भोकात, प्लग गेज घालून बघायचं. 'गो' बाजू गेली पाहिजे, 'नो-गो' जाता कामा नये, आणि शंका आली की एअर गेजला लावून आकडा घ्यायचा. २२ मिलिमीटरचा बोअर, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, वर २१ मायक्रॉन, खाली शून्य. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरतात. म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्श्यात आमची सगळी अब्रू.

गणपतीच्या आधी काय झालं ते सांगते. सेकंड शिफ्टला रात्री नऊच्या सुमारास सात नंबर मशीनवरच्या मुलाला बोअर मोठा यायला लागलाय हे स्वतःला कळलं. ठेक्यावरचा मुलगा, वय असेल एकवीस. त्याने मशीन थांबवलं, झालेले साठेक पीस नापास मालाच्या लाल बिनमध्ये टाकले आणि सुपरवायझरला सांगायला गेला. बरोबर केलं त्याने. वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये असंच करा म्हणून लिहिलंय, तो कागद मीच लॅमिनेट करून मशीनला लावलाय. सुपरवायझरने त्याला सगळ्या लाइनीसमोर झाडला. 'टार्गेट काय तुझा बाप पुरं करणार?'

सकाळी मी आले, बिन बघितला, नेहमीसारखा फोटो काढला. टॅगसकट. टॅगवर ऑपरेटरचं नाव असतं. सुपरवायझरला पाठवला, रेकॉर्डसाठी. दहा मिनिटांत तो फोटो कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, आणि खाली प्रॉडक्शन मॅनेजरांचा मेसेज: 'असली माणसं नकोत आपल्याला.' त्याखाली अकरा अंगठे.

त्या अकरातला एक माझा. साहेबांचा मेसेज आला की अंगठा द्यायचा, हात आपोआप जातो.

तीन आठवड्यांनी तेच मशीन, दुसरा मुलगा, बोअर परत मोठा. या वेळी कोणी थांबवलं नाही, कोणी सांगितलं नाही. माझ्या सॅम्पलिंगमधूनही निसटलं, तेही कबूल करते. ३४० पीस चाकणला कस्टमरच्या लाइनीवर जाऊन सापडले. आमची सहा माणसं दोन दिवस तिथे सॉर्टिंगला, त्यात मी. दुसऱ्याच्या कंपनीत कोपऱ्यातलं टेबल, गळ्यात व्हिजिटरचं कार्ड, येणारा-जाणारा वाकून बघतोय. शेजारी आमचाच एक ऑपरेटर बसला होता. त्याला हळूच विचारलं, 'अरे, कळलं नव्हतं का कोणाला?' गेजवरची नजर न काढता तो म्हणाला, 'मॅडम, कळलं होतं. पण फोटो कोण काढून घेणार?'

यावर कंपनीने काय केलं? एक ट्रेनर आणला. 'ओनरशिप' या विषयावर तीन तास. जिन्यात पोस्टर लागलं: विश्वास, पारदर्शकता, एक कुटुंब. या कुटुंबातल्या ठेकेदाराच्या पोरांना कँटीनमध्ये वेगळा बाक आहे.

मी मॅनेजर नाही, मालक तर नाहीच. आमच्याकडे युनियन नाही. नोकरी सोडायची नाही, घराचा हप्ता आहे आणि खरं सांगायचं तर मला हे काम आवडतं. माझ्यासारख्या मधल्या माणसाच्या हातात नक्की काय असतं? पुस्तकी उत्तरं नकोत. स्वतः काही केलं असेल तर सांगा. फसलं असेल तर तेही सांगा.

राजीनामा_खिशात (रविवार, सकाळी ११:०५)

ताई, फसलेलं मागितलंत म्हणून लिहितो.

मी आयटीवाला. मागच्या कंपनीत रात्री अकराला कॉल लावायची पद्धत होती. मी पुढाकार घेऊन सगळ्यांच्या वतीने मेल टाकली की साडेआठनंतर कॉल नकोत. टाकायच्या आधी नऊ जण म्हणाले, 'टाक रे, आम्ही आहोत.' टाकल्यावर त्या नवातल्या एकानेही खाली ओळ लिहिली नाही. दोन जण तर चहालाही यायचे बंद झाले. अप्रेझलला शेरा: 'टीमशी जुळवून घेत नाही.' कॉल अजूनही अकरालाच असतात असं ऐकतो.

टाकीत गाळ असेल तर नळाला फडकं बांधून किती दिवस चालणार? वातावरण मालक ठरवतो. तुम्ही गेज लावा, पगार घ्या, नोकरीच्या साइटवर प्रोफाइल अपडेट ठेवा. फक्त तो अंगठा द्यायचा बंद करा. त्याला पैसे पडत नाहीत.

लालबागचा_नातू (रविवार, दुपारी १२:३०)

राजीनामाभाऊ, आज रविवारी घरी बसून हे लिहिताय ना? मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी नव्हती. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते. १८८४ साली साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन गेलं: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास जेवायला, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. सुट्टी मिळाली १० जून १८९० ला. सहा वर्षं लागली. मालकांना आपणहून सुचलेलं नव्हतं.

तुमच्या मेलीखाली एकाचीच सही होती, हा फरक बघा.

राजीनामा_खिशात (रविवार, दुपारी १२:४२)

मान्य. पण लोखंड्यांना अप्रेझल नव्हतं.

जुना_फोरमन (रविवार, दुपारी ४:२०)

गेजबाई, तुमचं वाचून जुने दिवस आठवले. मी पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात ३४ वर्षं काढली, फिटर म्हणून लागलो, फोरमन होऊन निवृत्त झालो. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

१९८३-८४ साली आमच्याकडे क्वालिटी सर्कल आलं. जपानात क्वालिटीतले तज्ज्ञ इशिकावा यांनी १९६२ च्या सुमारास सुरू केलेली पद्धत, आपल्याकडे १९८० नंतर भेल या सरकारी कंपनीच्या हैदराबादच्या कारखान्यातून पसरली. आठ-दहा कामगारांनी आठवड्यातून एकदा बसायचं, आपल्याच कामातली अडचण आपणच शोधायची, आपणच सोडवायची. आमचं मंगळवारी असायचं, शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास.

पहिले चार महिने माझी पोरं मशीनबद्दल एक शब्द बोलली नाहीत. काय बोलायची? पंखा, चहा, लॉकर. तिसऱ्या बेवरचा पंखा चालत नाही, चहा गार येतो, लॉकरची कडी तुटलीय. आमचे इंजिनिअर साहेब वैतागले. म्हणाले, हे क्वालिटी सर्कल आहे का तक्रार पेटी? बंद करा. मी म्हटलं, साहेब, आधी पंखा लावून बघू. मेंटेनन्सच्या इलेक्ट्रिशियनला दोन वेळा वडापाव खाऊ घातला तेव्हा पंखा लागला. आणि पंखा लागल्यावर त्याच मंगळवारी एक हेल्पर, वर्षभरात ज्याचा आवाज मी ऐकला नव्हता, म्हणाला, 'पीस धरायच्या त्या ड्रिलिंगच्या जिगमध्ये धातूची चिप अडकते, म्हणून भोक तिरकं येतं. मला दीड वर्षापासून माहीत आहे.'

दीड वर्ष! त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. पंखा लागला तेव्हा त्याला वाटलं की इथे बोललेलं कुठेतरी जातं.

मग आम्ही माशाच्या काट्याची आकृती काढायला शिकलो. डोक्याच्या जागी दोष लिहायचा आणि काट्यांवर कारणं: माणूस, मशीन, माल, पद्धत. मी एकच नियम केला होता. 'माणूस' हा काटा सगळ्यात शेवटी भरायचा. आधीचे तीन भरून होईपर्यंत बहुतेक वेळा चौथ्यावर लिहायला काही उरतच नसे.

मेलं कसं तेही सांगतो. स्पर्धा सुरू झाल्या. बक्षिसं, इंग्रजीत प्रेझेंटेशन, पारदर्शक स्लाइडी. कामगारांच्या नावाने इंजिनिअर लिहू लागले, कामगार फक्त स्टेजवर उभे. दोन वर्षांत सर्कल संपलं आणि ट्रॉफ्या कपाटात राहिल्या.

तुम्हाला सांगणं एवढंच की पोस्टरकडे दुर्लक्ष करा आणि तुमच्या शॉपमधला पंखा कोणता ते शोधा. आणि फोटो पाठवण्याऐवजी मशीनपाशी चालत जा. फोटो बसल्या जागी पाठवता येतो, म्हणून जास्त पाठवला जातो.

वॉर्ड_नंबर_७ (रविवार, रात्री १०:५०)

मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. तुमचं क्षेत्र वेगळं, पण ३४० पीस वाचताना मला आमची 'ओव्हर' आठवली.

आमच्याकडे शिफ्ट बदलताना जाणारी येणारीला ओव्हर देते: कोणत्या बेडला काय चालू, कोणाचं सलाइन कधी संपेल, कोणाची शुगर परत बघायची. नवीन होते तेव्हा आमच्या वॉर्डात ओव्हर म्हणजे भांडण. येणारी विचारायची, 'काय काय राहिलंय तुझं?' जाणारी म्हणायची, 'काही नाही, सगळं झालंय.' कारण राहिलंय म्हटलं की दुसऱ्या दिवशी मेट्रनपर्यंत गोष्ट जायची. मग येणारीला रात्री दोन वाजता कळायचं की कॅथेटर बदलायचं होतं.

एका वयस्कर सिस्टरांनी, निवृत्तीला दोन वर्षं असतील, न सांगता-सवरता प्रश्न बदलला. त्या ओव्हर घेताना विचारायच्या, 'मला रात्री कुठे त्रास होईल गं?' बस्स. 'तुझं काय राहिलं' म्हटलं की समोरची बचावाला उभी राहते. 'मला कुठे त्रास होईल' म्हटलं की ती आपल्या बाजूला येऊन बसते. त्यांचं ऐकून आम्ही दोघी-तिघी तसं विचारू लागलो. कोणी सर्क्युलर काढलं नाही, मेट्रनना तर बहुधा अजून माहीत नसेल. माणसं तेवढीच, पेशंट दुप्पट, आजही रडारड आहेच. पण आमच्या वॉर्डात ओव्हर खरी मिळते.

तुमच्या सेकंड शिफ्टची आणि तुमची भेट होते का कधी? का नुसते फोटोच भेटतात?

परभणी_ते_चाकण (सोमवार, पहाटे १:२५)

आत्ताच ड्युटीवरून आलो. मी ठेक्यावरच आहे, दुसऱ्या कंपनीत. चार वर्षांत तिसरी कंपनी. सात महिन्यांनी ब्रेक देतात, म्हणजे कामावरून काढतात.

मॅडम, तुम्ही लिहिलं त्यात एक सांगतो. त्या पोराने सांगितलं, शिव्या खाल्ल्या, ते तो विसरंल. शिव्या सगळेच खातात. पण तुम्ही फोटो काढला तवा त्याला एकदा तरी विचारलं का, काय झालं म्हणून? त्याला माहीत असतंय मशीन कधी बिघडतं. आम्ही आठ तास तिच्यासमोर उभे असतो.

आमच्या इथं पर्मनंटच्या टोपीचा रंग वेगळा, आमचा वेगळा. हाक मारायची तर 'ए पिवळी टोपी'. दिवाळीला त्यांना काजूकतली, आम्हाला सोनपापडी. सोनपापडीचं काही वाटत नाही. नाव घेत नाहीत त्याचं वाटतं.

गेजबाई (सोमवार, सकाळी ६:१०)

बस यायच्या आधी लिहितेय. परभणीभाऊ, नाही विचारलं. तुमची पोस्ट वाचून चहा तसाच राहिला.

सिस्टर, नाही हो, भेट होत नाही. मी जनरल शिफ्टला, साडेपाचला सुटते. सेकंडची पोरं साडेतीनला येतात, म्हणजे दोन तास आम्ही एकाच छपराखाली असतो. पण मी माझ्या टेबलावर आणि ते त्यांच्या मशीनवर. आठ वर्षं.

केकवाली_एचआर (सोमवार, दुपारी २:४०)

कंपनीत 'फन फ्रायडे'चा केक आणणारी एचआर असते ना, ती मीच, म्हणजे तुमच्या नाही, दुसऱ्या कंपनीतली. शिव्या घालायच्या आधी थोडं ऐकून घ्या. केकला बजेट मंजूर होतं. सुपरवायझरला माणसांशी बोलायला शिकवायला होत नाही.

आतली गोष्ट सांगते. आमच्यापर्यंत तक्रार येते ती अशी: 'अमका साहेब फार वाईट वागतो.' यावर मी काहीच करू शकत नाही. साहेबाला बोलावलं की तो म्हणतो, तोच कामचुकार आहे. विषय संपला. तुमच्याकडे मात्र फार चांगली गोष्ट आहे, ती म्हणजे आकडा. साठ पीस सांगितले तेव्हा फोटो लागला, तीन आठवड्यांनी ३४० सांगितले गेले नाहीत, सहा माणसं दोन दिवस चाकणला, गाडीभाडं, कस्टमरने बिलातून कापलेली भरपाई, म्हणजे डेबिट, आलाच असेल. हे एका पानावर, कोणाचंही नाव न घेता, 'सांगणाऱ्याचं काय झालं' या एका प्रश्नाखाली मांडा. मालक पैशाची भाषा लगेच वाचतो. आणि एकटीने सही करू नका. दोन सुपरवायझर, एक टूलरूमचा माणूस असे चार तरी असा. लालबागवाले बरोबर सांगतायत.

दुसरं. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती असायला हवी, मालकाची आणि कामगारांची माणसं समसमान. तुमच्याकडे १४० आहेत. कागदावर असेलच, तिच्यात कोण आहे ते शांतपणे विचारा. नुसतं विचारलं तरी धावपळ होते, हे मी टेबलाच्या या बाजूने सांगतेय. तसंच दहा किंवा जास्त कर्मचारी असले की २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला आणि एक सदस्य बाहेरचा. बावीस जणींना त्या समितीतली नावं माहीत आहेत का? तुमचा प्रश्न तो नाही, पण असल्या ग्रुपवर आज रिजेक्शनचा फोटो जातो, उद्या दुसरंही काही जातं.

ठेक्यावरच्यांच्या बाकाबद्दल: पिण्याचं पाणी, संडास, हात-तोंड धुवायची सोय ठेकेदाराने दिली नाही तर ती मुख्य मालकाने द्यायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं. वेगळा बाक ठेवा असं कुठल्याच कायद्यात नाही. तो बाक कोणीतरी एकदा तिथे सरकवला, एवढंच.

नागोयाकर (मंगळवार, सकाळी ७:३०)

मी मूळचा चिंचवडचा, सध्या जपानात ऑटो पार्ट्सच्याच धंद्यात. टोयोटाची ती प्रसिद्ध दोरी सगळ्यांना माहीत असते: ओढली की लाइन थांबते. अर्धं खरं. ओढली की आधी दिवा लागतो (त्याला अंदोन म्हणतात, मूळ अर्थ कागदी कंदील), टीम लीडर चालत येतो, आणि गाडी ठरलेल्या रेषेपर्यंत पोचायच्या आत सुटलं नाही तरच लाइन थांबते. म्हणजे दोरी ही मुळात 'कोणीतरी या' अशी हाक आहे. हाकेला येणारा माणूस नसेल तर दोरी लावून उपयोग नाही.

जपानची आरती मात्र ओवाळू नका. इथे बॉस उठेपर्यंत कोणी घरी जात नाही, हे मी अनुभवतोय, आणि जास्त कामाने मरण्यासाठी यांच्या भाषेत वेगळा शब्द आहे.

राजीनामा_खिशात (मंगळवार, सकाळी ९:००)

सगळे भारी लिहितायत, पण पाच जणांच्या पाच कल्पना घेऊन ताई उद्या कामावर गेल्या तर परवा मॅनेजर विचारणार, 'मॅडम, नेतेगिरी करताय का?' एकच काहीतरी करा. आणि केलं की इथे येऊन सांगा, मला खरंच बघायचंय.

गेजबाई (दिवाळीनंतरचा गुरुवार, रात्री ९:५०)

आले सांगायला. सात आठवडे झाले. राजीनामाभाऊंनी एकच करा म्हटलं होतं, मी तीन केली. एक पार फसलं, एक अर्धवट आहे, एकाचं काय म्हणावं कळत नाही.

आधी त्या मुलाला भेटले. साडेतीनला तो आत येत होता, सात नंबरपाशी गाठलं आणि म्हटलं, 'तो फोटो मी काढला होता. चुकलं माझं. तू बरोबर केलं होतंस.' तो घाबरला. त्याला वाटलं आता अजून काहीतरी झालंय. 'ठीक आहे मॅडम, ठीक आहे' म्हणत मागे सरकला. मग सिस्टरांचा प्रश्न विचारला, 'मला उद्या सकाळी कुठे त्रास होईल रे?' जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, 'मॅडम, जेवून आलो की ही बिघडते. मी मागे सांगितलं होतं तर सगळे हसले. म्हणाले, तू जेवतोस आणि पोट मशीनचं बिघडतं होय?'

मी पण हसले असते. पण त्या दिवशी दोनशे पानी वही घेतली, स्टोअरमधून नाही, माझ्या पैशाने, म्हणजे कोणी हिशेब मागायला नको. चार रकाने: वेळ, मशीन नंबर, काय दिसलं, कोणाच्या लक्षात आलं. चूक कोणाची हा रकाना नाहीच. नाव लागेल ते ज्याला दिसलं त्याचं. वही सात नंबरच्या खांबाला सुतळीने बांधली. फोटो पाठवणं बंद केलं, रोज साडेतीन ते पावणेचार चालत जायला लागले. सुपरवायझर म्हणाले, 'पुरावा?' मी म्हटलं, बिन तिथेच आहे, या बघायला. दोनदा आले. मग म्हणाले, 'तुम्हीच बघा.'

पहिले दोन आठवडे वहीत फक्त माझं अक्षर. तिसऱ्या आठवड्यात टूलरूमच्या काकांनी लिहिलं, बहुतेक माझी कीव येऊन. मग सेकंडच्या पोरांच्या नोंदी यायला लागल्या. दसऱ्यापर्यंत एकवीस नोंदी झाल्या आणि मी एका रविवारी घरी बसून वेळा मांडल्या. सात नंबरवरच्या नऊ नोंदींपैकी सात रात्री साडेआठ ते सव्वानऊमधल्या. जेवणाची सुट्टी आठ ते साडेआठ! मशीन अर्धा तास बंद, गार होतं, परत चालू केलं की गरम होईपर्यंत माप सरकतं. पोरगं अगदी बरोबर सांगत होतं. दोन्ही वेळचं रिजेक्शन नऊच्या सुमाराचंच होतं, आणि मी सॅम्पल घ्यायची ते साडेपाचच्या आत.

आता सुट्टीनंतरचे पहिले दहा पीस प्रत्येकी एअर गेजला लावायचे असं ठरलंय. हे लेखी आलं, मॅनेजरांच्या सहीने, त्यांचीच कल्पना असल्यासारखं. येऊ दे.

फसलं ते बाकाचं. मी डबा घेऊन ठेक्यावरच्या पोरांच्या बाकावर जाऊन बसले. काय बोलावं त्यांना कळेना, मलाही कळेना. चार मिनिटांत जेवून उठले सगळे, एकाची तर पोळी हातातच. दुसऱ्या दिवशी परत गेले, तेच. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्यांचा दिवसातला मोकळा अर्धा तास मी खातेय. परत गेले नाही. एकाने जाताना शेंगदाण्याची चटणी पुढे केली होती, ती खाल्ली. बाक अजून तिथेच आहे. फोरमन काका, पंखा बहुतेक तो नाहीये, अजून शोधतेय.

खंडेनवमीला मात्र गंमत झाली. दर वर्षी मॅनेजर साहेब सगळ्या मशिनींना हार घालतात, पोरं मागे उभी. टूलरूमच्या काकांनी यंदा सकाळीच प्रत्येक मशीनवर हार, फुलं, नारळ नेऊन ठेवले. साहेबांना मालकांच्या दुसऱ्या युनिटला पूजेला जायचं होतं, उशीर झाला होता, म्हणाले, 'घाला रे तुमचे तुम्ही.' ज्याचं मशीन त्याने हार घातला. सात नंबरवर पहिल्या आणि दुसऱ्या शिफ्टच्या दोघांत नारळ कोणी फोडायचा यावरून वाद झाला. हा वाद मी आठ वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

ज्याचं काय म्हणावं कळत नाही ते वहीचं. मागच्या सोमवारी साहेबांनी मीटिंगला वही मागवली. पानं उलटून म्हणाले, 'छान आहे, पण ऑपरेटरचं नाव कुठाय?' मी म्हटलं, नाही ठेवलं. म्हणाले, 'हरकत नाही, शिफ्ट चार्टवरून काढता येईल.' एचआर मॅडम, तुमचं एक पान मी त्या आधीच तयार केलं होतं, चार सह्यांसकट. तेव्हाच पुढे केलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. मालकांकडे गेलं की नाही माहीत नाही. ग्रुपवर त्यानंतर फोटो आलेला नाही, पण दिवाळीच्या सुट्ट्याही मध्ये होत्या, म्हणून एवढ्यात काही बोलत नाही. तक्रार समितीची नावं विचारली, तर 'शोधून सांगतो' म्हणालेत. आठवड्याने परत विचारणार.

वही खांबाला परत बांधली. चार दिवस कोणी काही लिहिलं नाही. शिफ्ट चार्टचं बाहेर कळलं असणार, भिंतींना कान असतात.

आज सकाळी गेले तर रात्रीची एक नोंद होती. '८:४०. मशीन ७. जेवणानंतरचा तिसरा पीस १९ वर. थांबवलं, ऑफसेट दिला. पुढचे पाच ११-१२.' म्हणजे २१ ची हद्द ओलांडायच्या आतच माप सुधारून घेतलं. शेवटच्या रकान्यात, कोणाच्या लक्षात आलं, तिथे नाव नाही. नुसतं 'मी' लिहिलंय.

अक्षर कोणाचं ते मला माहीत आहे. साहेबांनी विचारलं तर माहीत नाही.